दुसरी उडी

माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की बाई साळसूदपणाचा आव आणते. आमच्या फोटोवाल्यांच्या ग्रुपमध्ये मला पाठीमागे ‘फौजदार’ म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. ग्रुप सगळा ऑनलाइन जमलेला. कुणी बदलापूरचा, कुणी डोंबिवलीचा, कुणी ठाण्याची. घरी कोण आहे, नोकरी कसली, कुणालाच कुणाचं ठाऊक नाही, पण कुणाकडे कुठली लेन्स आहे हे मात्र सगळ्यांना तोंडपाठ. मी वाशिंदला राहते, तिथल्याच एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते, आणि माहेर माझं किन्हवलीच्या पुढे. त्यामुळे सहली काढायचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. कुठल्या शेतात कधी भात झोडतात, मुरबाडकडच्या जत्रेत गुरांचा बाजार कधी भरात असतो, कुणाच्या अंगणात चहा मिळेल आणि कुणाच्या अंगणात अंगावर कुत्रा सोडतील, हे सगळं मला माहीत. बाकीच्यांना मोबाइलच्या नकाशात दिसेल तेवढंच.

माझा एक नियम होता. ‘पुन्हा करा’ म्हणायचं नाही. माणूस काम करतोय, तुम्हाला फोटो मिळाला तर मिळाला, हुकला तर नशिबाला बोल लावा. पहिल्याच वर्षी सापगावला भातसा नदीवर आमच्यातल्या एकानं एका म्हाताऱ्याला जाळं सहा वेळा फेकायला लावलं. “बाबा, और एक बार, थोडा ऊपर से.” म्हाताऱ्याचे हात लटलटत होते. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. त्याचा ट्रायपॉड उचलला आणि भातसेत भिरकावला. तो माझ्या अंगावर धावून आला, मी त्याच्या शर्टाची कॉलर धरली, दोन बटणं माझ्या हातात आली. त्यानं ग्रुप सोडला. सुंठीवाचून खोकला गेला. मला त्या दिवसाचं फार कौतुक वाटायचं, नवीन माणूस आला की मी ती गोष्ट सांगायचे आणि लोक जरा टरकून राहायचे.

आता पाडव्याचं सांगते.

आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला बैल उडवतात. पहाटे गुरं धुवायची, अंगावर गेरूचे पंजे उठवायचे, शिंगं तासून रंगवायची, गळ्यात झेंडू. दिवस उजाडला की वेशीजवळ वाटेत आडवा पेंढा टाकतात, पेटवतात, आणि एकेक बैल वेसण धरून त्या जाळावरून उडवतात. इडापीडा जळावी म्हणून. उडी मारून पलीकडे गेला की बैल थेट घरी. घरची बाई त्याला ओवाळते, खिचडीचा घास देते. उडवलेला बैल मागे फिरवायचा नसतो. माझा बाप म्हणायचा, त्याला वाटतं आपलं काम झालं, आता त्याला दाणा द्या, नाहीतर तुमची काय खैर नाय.

चार वर्षं मी ग्रुपला पाडव्याला माहेरी नेत होते. दादा, माझा थोरला भाऊ, सगळ्यांना हसून बोलवायचा. वहिनी कपाळाला आठ्या घालायची, पण अकरा माणसांना भाकरी थापायची. “तुजे शेरातले लोक आमच्या आगीला काय बगतात गो? त्यांच्याकडं ग्यास नाय?” असं ती म्हणायची, आणि मी हसायचे.

त्या वर्षीही मला धरून अकरा जण होतो. मी वाटेच्या कडेला दोन खांब रोवून दोरी बांधली होती. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, फ्लॅश बंद, आवाज नाही. सकाळपासून मी नुसती ओरडत होते. एकीला मागे ओढलं, एकाचा फ्लॅश बोटानं दाबून बंद केला, एक जण रांगत दोरीखालून जात होता त्याच्या पाठीत लाथ घातली. थट्टेत नाही, खरंच घातली. आमच्यात एक पोस्टातून निवृत्त झालेले काका होते, बदलापूरचे. कमी बोलायचे, जुना कॅमेरा, त्याला खाकी कापडाचा रुंद पट्टा. ते माझ्या शेजारी उभे होते आणि म्हणाले, “ताई, तुम्ही पण काढा ना एखादा.”

दादाचा तांबडा बैल आला तेव्हा मी त्या रांगणाऱ्याला शिव्या घालत होते. मागून लोकांचा ‘हो ऽ’ ऐकला, वळले, आणि तांबडा उडी मारून पलीकडे गेलेला. झालं. दोरीवरचे दहा जण मान खाली घालून आपापल्या स्क्रीनमध्ये बघत होते. “अरे, कसला आलाय!” “जाळ बघ, पोटाखाली जाळ बघ.” त्या रांगणाऱ्याला सुद्धा मिळाला. चार वर्षं मी या लोकांना गुरांसारखं राखलं, माझ्या बापाच्या घरच्या बैलाचा, माझ्या भावाचा फोटो सगळ्या ठाणे जिल्ह्याकडे आहे आणि माझ्याकडे नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुसरा शब्द नाही.

मी ओरडले, “दादा, पुन्यांदा उडव!”

ताशे वाजत होते, पोरं फटाके लावत होती. माझा आवाज दादाला गेला आणि शेजारच्या काकांना गेला, बाकी कुणाला नाही. दादानं हातानं विचारलं, काय? मी बोट गोल फिरवलं. तो घोटाळला. मग हसला आणि तांबड्याला वळवायला लागला. धाकट्या बहिणीला त्यानं कधी नाही म्हटलेलं नाही.

काका म्हणाले, “ताई, राहू द्या. त्याच्या तोंडाला फेस आलाय.”

“तुम्ही तुमचं बघा,” मी म्हणाले. “बैल आमचा आहे.”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ते ट्रायपॉडचं प्रकरण त्या क्षणी मला आठवलंसुद्धा नाही. मी दोरी ओलांडून आत गेले आणि वाटेच्या मधोमध बसले, जाळाच्या पलीकडे, घराच्या बाजूला. बैल सरळ अंगावर येतोय असा फोटो हवा होता. तांबडा वळायला तयार नव्हता. त्याला गोठा दिसत होता. दादानं वेसण ओढली, मागच्या पोरानं शेपूट पिरगाळलं, तेव्हा तो गेला मागे. पेंढा पुन्हा टाकला. भडका उडाला. मी डोळा कॅमेऱ्याला लावला आणि बटण दाबून धरलं.

तो उडी मारून आला तो जाळावरून नाही, जाळातून आला. पोटाखालचे केस पेटले होते. समोर मी, त्याच्या आणि गोठ्याच्या मधे. त्यानं मुंडी खाली घातली. दादानं वेसणीला असा हिसडा दिला की बैलाची मान पूर्ण फिरली, आणि ते शिंग, आदल्या दिवशी दादानंच तासून टोक काढलेलं, लाल रंग लावलेलं शिंग, दादाच्या मांडीत गेलं. वर उचललं त्याला. एकदा झटकलं, दुसऱ्यांदा झटकलं, आणि मग तो खाली पडला. तांबडा त्याच्यावरून गोठ्याकडे गेला. दादाचं धोतर लाल झालं नाही, काळं झालं. रक्त उसळ्या मारत येत होतं.

मी कॅमेरा गळ्यात तसाच सोडून धावले. मला असंच आठवत होतं.

मी पोचले तेव्हा कुणीतरी आधीच दादावर वाकलेलं होतं. पाठ माझ्याकडे, गुडघे रक्तात, आणि दोन्ही हातांत कॅमेरा, दादाच्या मांडीपाशी नेलेला. पोस्टातले काका. माझ्या भावाचं रक्त वाहतंय आणि हा मेला जवळून फोटो काढतोय. कुणाचा तरी उघडा ट्रायपॉड तिथे पडला होता. तो मी दोन्ही हातांनी उचलला आणि काकांच्या कानशिलात हाणला. आवाज झाला तो अजून माझ्या हातात आहे. ते आडवे झाले, आणि मी किंचाळले, “हाच! हाच तो!”

हाच म्हणजे काय, ते मलाही माहीत नव्हतं. गावाला माहीत असायची गरज नव्हती. पोरांच्या हातात गुरं हाकायच्या काठ्या होत्याच. काका उठायला गेले तर एकानं पाठीत घातली, एकानं हातावर. त्यांनी हात डोक्यावर घेतला तर बोटांवर. कुणीतरी त्यांचा कॅमेरा धोंड्यावर आपटला, काचा उडाल्या. मग सगळे दोरीकडे धावले. ट्रायपॉड मोडले, एका मुलीला केसांना धरून फरफटवलं, गाडीच्या काचा फोडल्या. “फोटोवाल्यांनी चमकवून बैल बुजवला,” कुणीतरी ओरडलं, आणि मिनिटाभरात ते सगळ्या गावाचं म्हणणं झालं. वाटेत बसलेली मी गावची लेक, माझं नाव कुणी घेतलं नाही. वहिनी ओवाळणीचं ताट हातात घेऊन दारात उभी होती. बैलासाठीचं ताट. ती तशीच धावत आली. मी दादाचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, आणि पोरं काकांना मारत होती ते बघत होते, आणि मला बरं वाटत होतं. ते लपवून काय करू? मारा, असंच मनात होतं.

एका टेंपोत दोघांनाही घातलं. दादाला गादीवर, काकांना फळीवर. शहापूरच्या दवाखान्यात डॉक्टरनं दादाचं धोतर कापलं आणि थांबला. मांडीच्या वरच्या बाजूला खाकी कापडाचा रुंद पट्टा करकचून आवळलेला होता, गाठीत एक काटकी घालून पिळलेला.

“हा कुणी बांधला?” डॉक्टरनं विचारलं.

त्यानं बोटानं गाठ चाचपली.

“ज्यानं बांधला त्यानं वाचवला. नाहीतर रस्त्यातच संपला असता.”

वहिनी म्हणाली, “देवानं बांधला.” मी तिच्याकडे बघितलं आणि गप्प बसले. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं माझी आई म्हणायची. त्या दिवशी अख्खा तीळ भिजला. काकांनी पट्टा आधीच आवळला होता, त्याच्या टोकाला लटकलेला कॅमेरा तेवढा सोडवत होते. हातांत कॅमेरा होता तो त्यासाठी होता.

दादाला कल्याणला हलवलं. ऑपरेशन झालं. जगेल असं म्हणाले, पायाचं आत्ताच सांगता येत नाही म्हणाले. काका शहापूरलाच राहिले आणि त्यांच्या खाटेपाशी एक पोलीस बसला, कारण गावानं ठरवलं होतं: मुद्दाम बैल बुजवला, माणूस मरायला घातला, गुन्हा त्याच्यावर. तक्रार वहिनी देणार. दुसऱ्या दिवशी जबाब.

दुसरा दिवस भाऊबीज. मी सकाळी ओवाळणीचं ताट रुमालात बांधून निघाले आणि आधी शहापूरला गेले. काय बोलणार ते ठरवलेलं नव्हतं. काका एका कुशीवर होते, डावा कान पट्टीत, उजव्या हाताला प्लास्टर, तोंड सुजून दुप्पट झालेलं. मला बघून त्यांनी बऱ्या कानाकडची उशी सारली.

“पाय राहिला का त्यांचा?” त्यांनी विचारलं.

“अजून सांगत नाहीत.”

“पट्टा जरा वर बसला असता तर बरं होतं. पण घाईत…”

मी रडायला लागले. मी म्हणाले, काका, मला मारा. उठा आणि थोबाडीत मारा माझ्या, म्हणजे फिटेल तरी.

“फिटत नसतं,” ते म्हणाले. बोलताना त्यांना दुखत होतं, तरी ते सावकाश, पत्ता सांगावा तसं बोलले. “ताई, तुमच्या एका फटक्याचं मला एवढं नाही. पण तुम्ही मारलंत म्हणून बाकीच्यांनी विचारलं नाही मी काय करतोय ते. तुम्ही त्या गावच्या. तुम्ही मारताय म्हणजे मी काहीतरी केलं असणारच, असं वाटलं त्यांना. त्या पोरांचं काय चुकलं?”

मग ते म्हणाले, “पोलिसातल्या साहेबांना मी सांगितलंय की दुसऱ्यांदा उडवायला तुम्ही सांगितलंत. ते म्हणाले, ती तर त्यांची सख्खी बहीण आहे, ती कशाला सांगेल? माझ्या म्हणण्याला साक्षीदार नाही.”

वार्डातल्या पोलिसानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी तिथंच बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. माहेर म्हणजे आता दादा आणि वहिनी, एवढंच उरलंय माझं. आईबाप गेले. त्या घरानं मला हाकललं तर दिवाळीला मी जायचं कुठे, हाच विचार माझ्या डोक्यात. हात दाखवून अवलक्षण करायला मी नेहमी पुढे, आणि त्या दिवशी हात मागे लपवला. मी ताट उचलून बाहेर आले आणि कल्याणची गाडी पकडली.

कल्याणच्या दवाखान्यात वहिनी बाकावर बसली होती. शेजारी हवालदार, मांडीवर कागद. तो लिहीत होता आणि मोठ्यानं वाचत होता, “…सदर इसमाने बैलाच्या तोंडावर कॅमेऱ्याचा उजेड पाडून…”

“लिहू नका ते,” मी म्हणाले.

माझ्या तोंडून कसं निघालं, मला सांगता यायचं नाही. कदाचित ‘सदर इसम’ ऐकून निघालं असेल. तो खाकी पट्टा बांधणारा माणूस आता सदर इसम झाला होता.

हवालदार म्हणाला, “बाई, तुमचा जबाब मागनं घेतो.”

“आत्ता घ्या. दुसऱ्यांदा उडवायला मी सांगितलं. दोरीच्या आत मी एकटी होते. बैल मला बुजला. काकांनी रक्त थांबवलं आणि मी त्यांना मारलं. पहिला फटका माझा. पोरांनी माझं बघून मारलं.”

वहिनी माझ्याकडे वळली. “दादाचा जीव वाचला म्हणून तुज्या डोक्यावर परिनाम झालाय काय?” ती म्हणाली. “त्या मेल्याला वाचवाया काय बी बोलते.”

“वयनी, खरं आहे.”

“नाय. तू नाय सांगायची. तू तर ‘पुन्यांदा करा’ सांगणाऱ्या लोकांना मारतेस.”

“पुरावा काय?” हवालदारानं विचारलं.

पुरावा माझ्या खांद्याला होता. काल सकाळपासून तो पिशवीत पडून होता आणि मी तो उघडला नव्हता. मी कॅमेरा काढून चालू केला. हवालदारानं पहिला फोटो पाहिला, जाळ, बैल, समोरासमोर, आणि म्हणाला, “हा तर वाटेतूनच काढलाय.” पुढचं वहिनीनं बघू दिलं नाही. तिनं कॅमेरा त्याच्या हातातून घेतला.

“कुटं दाबायचं?”

मी बटण दाखवलं. ती एकेक करून बघायला लागली. बैल हवेत. बैल जमिनीवर. मुंडी खाली. मग दादाचा हात, वेसणीला हिसडा देणारा, आणि दादाचं तोंड. त्याचं तोंड बैलाकडे नव्हतं. माझ्याकडे होतं, आणि उघडं होतं.

“यो काय बोलतो हाय?”

“‘बाय, हट’ म्हणाला.”

“तुला आयकू आलं?”

“आलं.”

तिनं बटण दाबलं. शिंग मांडीत. दाबलं. दादा वर उचललेला. दाबलं. मला वाटलं आता संपले, कारण इथं मी कॅमेरा सोडला होता. शपथेवर विचारलं असतं तरी मी तेच सांगितलं असतं. वहिनीनं पुन्हा बटण दाबलं आणि पुढचा फोटो आला. दादा जमिनीवर. फोटो स्वच्छ होता, जरासुद्धा हललेला नव्हता. ती दाबत गेली. पडल्यानंतरचे सहा होते. शेवटच्या दोनांत मी आणखी जवळ गेले होते.

वहिनीनं ते सहाही पाहिले. रडली नाही, मला मारलं नाही. तिनं मला झोडपलं असतं तर मी तिचे पाय धरले असते.

“त्या बाबाला तू कशापायी मारलंस?” तिनं विचारलं.

“मला वाटलं तो फोटो काढतोय.”

तिनं कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला. हवालदाराला म्हणाली, “फाडा तो कागद. ही सांगंल ते लिवा.” बाकावरचं माझं ओवाळणीचं ताट तिनं उचललं, निरांजन सरळ केलं आणि आत दादाकडे गेली. दार तिनं लावून घेतलं. हवालदारानं नवा कागद काढला आणि माझं पूर्ण नाव विचारलं.